एकच हॉप, दोन घाणे: टू हार्टेडच्या नकलेची वही

३० डिसेंबर २०२३, शनिवार. नोव्हाय, मिशिगन

वर्षभर नुसतं म्हणत होतो, आज वही उघडली. बेल्स ब्रुअरीची टू हार्टेड ही बिअर घरी काढायची.

या देशात आलो तेव्हा आयपीए (इंडिया पेल एल, कडवट बिअरचा एक प्रकार) मला काढ्यासारखी लागायची. वळवलं ते हिने. सात टक्के अल्कोहोल असूनही अंगावर येत नाही. वास संत्र्याच्या सालीचा, थोडा पाइनच्या चिकाचा, आणि मागे पावाच्या कडेची गोडी. लेबलावर ट्राउट मासा. नाव मिशिगनच्या उत्तर टोकाला लेक सुपीरियरला मिळणाऱ्या नदीचं.

नकलेसाठी हीच निवडली, कारण हिच्यात लपवायला जागाच नाही. हॉप, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं, एकाच जातीचा: सेंटेनियल. कडवटपणाला तोच, वासालाही तोच. चार-पाच हॉप्सची खिचडी असती तर चुकलेलं झाकता आलं असतं. शिवाय लॅरी बेल यांनी १९८३ मध्ये कॅलमझूत दुकान काढलं ते घरी बिअर करणाऱ्यांच्या सामानाचं. स्वतःची बिअर १९८५ पासून विकायला लागले. म्हणजे घराणं आपलंच.

बायकोचा पहिला प्रश्न: "हे कायदेशीर आहे ना?" आहे. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केली, तेव्हापासून केंद्राच्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन मुभा आहे. विकायची मात्र नाही. सांगलीत हाच उद्योग केला असता तर १९४९ चा दारूबंदी कायदा दारात आला असता. आई सध्या इथेच आहे, सहा महिन्यांसाठी. ती एवढंच म्हणाली, "गॅरेजमध्येच कर."

तुलनेसाठी दुकानातून सहा बाटल्या आणल्या. त्यांवर ११ ऑक्टोबरची तारीख, म्हणजे अडीच महिने जुन्या. तरी मूळ म्हणून याच धरतो.

६ जानेवारी, शनिवार

सामान आलं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली: पेल माल्ट ४.५ किलो, पेल एल माल्ट १.३ किलो, कॅरॅमल माल्ट २२५ ग्रॅम. होमब्रू करणाऱ्यांत हीच प्रमाणं थोड्याफार फरकाने फिरतात. सेंटेनियलच्या गोळ्या, अल्फा (कडवटपणा देणारं आम्ल) १० टक्के: ४५ मिनिटं उकळायला ३४ ग्रॅम, ३० मिनिटांना आणखी ३४, आणि शेवटी ड्राय हॉपिंगला (न उकळता, वासासाठी थेट बिअरमध्ये टाकायला) १००. हिशोबाने कडवटपणा ५९ आयबीयू येतो. यीस्ट सध्या कोरडंच, यूएस-०५.

सेंटेनियलचं रोप १९७४ मध्ये संकरातून तयार झालं आणि बाजारात आलं १९९० मध्ये. वॉशिंग्टन राज्याची शंभरी नुकतीच झाली होती, म्हणून हे नाव. पुडा फोडून नाक घातलं. ईडलिंबाचं साल नखाने खरवडावं तसं.

पाण्याचा विचार करावा लागला. आमच्या नळाला लेक ह्युरॉनचं पाणी येतं. प्यायला उत्तम, पण आयपीएला हवा तेवढा सल्फेट त्यात नाही. जुन्या काळी लंडनच्या बो ब्रुअरीतून हॉजसनची बिअर मुंबई-कलकत्त्याला जायची. १८२० च्या दशकात इंग्लंडमधल्याच बर्टन गावचे बिअरवाले त्या धंद्यात घुसले आणि त्यांची बिअर जास्त नितळ, जास्त खरखरीत निघाली, कारण बर्टनच्या विहिरींत जिप्सम होतं. नावातलं 'इंडिया' ते हे. आमच्या सात पिढ्यांत कुणी ती चाखली असेल असं वाटत नाही.

तर ३१ लिटर पाण्यात ८ ग्रॅम जिप्सम. क्लोरीन मारायला कॅम्पडेनची गोळी, तीही अर्धीच.

१४ जानेवारी, रविवार. पहिला घाणा

बाहेर उणे १२. शहाण्या माणसाने आज घरात बसून तिळाच्या वड्या थापल्या असत्या. मी गॅरेजचं दार अर्धं उघडं टाकून गॅसचा बर्नर पेटवला. दार बंद करून चालत नाही, कार्बन मोनॉक्साइड साचतो.

पहिली चूक मोठी, म्हणून सविस्तर. मॅश (दळलेलं धान्य गरम पाण्यात भिजत ठेवणं) ६५.५ अंशांवर बसवायचा होता. सूत्राप्रमाणे १८ लिटर पाणी ७१.७ ला तापवलं, दळलेलं धान्य त्यासह कूलरमध्ये (उष्णता धरून ठेवणाऱ्या पेटीत) ओतलं, झाकण लावलं आणि आत पोहे खायला गेलो. अर्ध्या तासाने थर्मामीटर घातला तर ६१.५! सूत्रात धान्याचं तापमान २० अंश धरलं होतं. धान्य आठवडाभर गॅरेजमध्ये होतं, म्हणजे शून्याच्या खाली. सहा किलो गोठलेलं धान्य मी गरम पाण्यात ओतलं होतं. लगेच दोन लिटर उकळतं पाणी घातलं असतं तर सावरलं असतं. पण केटल घरात, मी घरात, आणि थर्मामीटर गॅरेजमध्ये. दिवसभर लोकांच्या गाड्यांचे सुटे भाग उण्या तापमानात तपासतो मी. हे सुचू नये?

याचा परिणाम पुढे दिसेल. कमी तापमानाला बीटा अमायलेज जास्त चालतं, साखर बारीक तुटते, यीस्ट ती सगळी खाऊन टाकतं, आणि अंगात काही उरत नाही.

उकळी फुटली तेव्हा आई शाल गुंडाळून दारात आली. चमचाभर वर्ट (धान्यातून उतरलेला गोड रस) चाखून म्हणाली, "काकवीच की रे ही. जरा पातळ." हॉप्स अजून पडले नव्हते, म्हणून बरं. मग पातेल्यातला फेस पाहत म्हणाली, "गुऱ्हाळात रसात भेंडीचं पाणी घालायचे, मळी वर यायला. तू काय घालतोस?" मी आयरिश मॉसची पुडी दाखवली, समुद्रातलं शेवाळ. काम तेच, गढूळपणा गोळा करायचं. आईने पुडी उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. पटलं नसावं.

पहिले हॉप्स टाकले आणि वर्ट ऊतू गेलं. दुधासारखंच, आपण पाठ फिरवली की. ७५ मिनिटं उकळलं.

दुसरी चूक गार करताना. तांब्याची कॉइल तयार होती, पण बागेचा नळ हिवाळ्यासाठी बंद केलेला. विचार केला, बाहेर एवढं बर्फ आहे, पातेलं त्यातच ठेवू. चाळीस मिनिटांनी पाहिलं तर अजून ६४ अंश. भोवतालचं बर्फ वितळून पातेल्याभोवती हवेची पोकळी झाली होती आणि मी अगदी व्यवस्थित दुलई पांघरून ठेवली होती त्याला. शेवटी बाथटबमध्ये गार पाणी भरून त्यात. बायको काही बोलली नाही, फक्त शॅम्पूच्या बाटल्या उचलून घेऊन गेली. इतका वेळ गरम राहिल्याने कडवटपणाही जास्त उतरला असणार.

सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर संपत जाते तशी उतरते) १.०६१. यीस्ट टाकलं, तळघरात १८ अंश.

चोथा साडेआठ-नऊ किलो भरला. दोन किलो ओव्हनमध्ये वाळवला, आई थालिपिठाच्या भाजणीत मिसळून बघणार आहे. शेजाऱ्यांच्या कुत्र्यालाही थोडा दिला. हा उकळीच्या आधीचा, हॉप्स न लागलेला. हॉप्स कुत्र्याला विष आहेत, त्यामुळे पातेल्याच्या तळचा गाळ पिशवीत बांधून थेट कचऱ्यात.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत. एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप) बुडबुडतोय. थालिपिठं उत्तम, कुसळं तेवढी दातात अडकतात.

२७ जानेवारी, शनिवार

ग्रॅव्हिटी १.००७. हवी होती १.०११-१२. अपेक्षेप्रमाणेच. चाखली तर सोड्याचं पाणी आणि कडूपणा, मधलं सगळं गायब. तरी १०० ग्रॅम हॉप्स टाकले.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

रात्री बाटल्या भरल्या. ४५ निघाल्या, बाकी हॉप्सच्या गाळाने पिऊन टाकली. बाटलीत फेस धरायला साखर १२० ग्रॅम उकळून आधीच बादलीत. सायफनच्या जोडातून हवा शिरत होती, नळीत बुडबुड्यांची माळ दिसत होती. एक वाजला होता, झोप येत होती. चालू दिलं.

१८ फेब्रुवारी, रविवार

पहिली बाटली फोडली. फेस छान, वास खरंच जवळचा. आनंद एका घोटाचा. अंग पातळ, कडवटपणा जिभेच्या मागे ओरखडा काढून जातो, आणि पावाची ती गोडी कुठेच नाही. शेजारी दुकानातली बाटली ओतली. डोळे बांधायची गरज नव्हती.

बायकोचं मत: "वाईट नाहीये. पण ही ती नाही."

त्या गोडीचा विचार करत बसलो. कॅरॅमल माल्ट तर तेवढाच आहे. मॅशने अंग गेलं हे मान्य, पण वासातला तो पिकलेपणा माल्टचा नसून यीस्टचा असावा. यूएस-०५ अगदी स्वच्छ काम करतं, स्वतःचं काही बोलत नाही. बेल्सचं यीस्ट त्यांचं स्वतःचं आहे. आणि ते बाटलीच्या तळाशी बसलेलं असतं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

विरजण लावलं. दुसरा शब्दच नाही त्याला.

टू हार्टेडच्या तळातलं यीस्ट सात टक्क्यांत राहून थकलेलं असतं, म्हणून त्यांच्या अंबर एलच्या दोन ताज्या बाटल्या आणल्या. ती ५.८ टक्क्यांची. बाटल्या दोन दिवस फ्रीजमध्ये उभ्या ठेवल्या होत्या. वरची बिअर हलकेच ओतून घेतली (ती वाया गेली नाही), तळाचा बोटभर गाळ राहू दिला. बाटलीच्या तोंडाला ज्योत दाखवली. मग १५० मिली पातळ वर्ट, ग्रॅव्हिटी १.०२० च्या आसपास, उकळून गार केलेलं. अशक्त पेशंटला आधी पेजच द्यायची, एकदम पुरणपोळी नाही.

ढवळायला जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आणि त्यावर चिकटवलेलं चुंबक. दुकानात याचे शंभर डॉलर मागतात.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन दिवस काही नाही. काल रात्री टाकून देणार होतो. आज सकाळी फ्लास्कच्या कडेला बारीक फेस आणि तळाला दुधी थर. वास घेतला: पाव, थोडं सफरचंद. आंबट नाही, कुबट नाही. आईला हुंगायला दिलं, कारण घरात सगळ्यात खात्रीचं नाक तिचं. इडलीचं पीठ ती वासावरून सांगते. म्हणाली, "चांगलं आहे. उबेला ठेव." ५०० मिलीवर नेलं.

२८ फेब्रुवारी, बुधवार

दीड लिटर. आता चांगलाच जाड थर. फ्रीजमध्ये ठेवताना बरणी ताकाच्या भांड्याशेजारी गेली. संध्याकाळी पाहतो तो बायकोने तिच्यावर पट्टी चिकटवलेली: "हे ताक नाही".

२ मार्च, शनिवार. दुसरा घाणा

थंडी ओसरली. धान्य दोन दिवस आधी घरात आणलं. मॅश ६५.६. कॉइल स्वयंपाकघराच्या नळाला जोडली, वीस मिनिटांत १९ अंश. ऊतू गेलं नाही. ग्रॅव्हिटी १.०६४. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, हेच लिहून ठेवतो.

एक टोचणी मात्र आहे. मॅश, गार करणं, यीस्ट, सगळं एकदम बदललं. कशाने काय सुधारलं हे कधीच कळणार नाही. ऑफिसात कुणी असा चाचणी-अहवाल आणला असता तर मी परत पाठवला असता.

९ मार्च, शनिवार

पहिल्या घाण्यातली बाटली उघडली. तीन आठवड्यांपूर्वी तांबूस-सोनेरी होती, आज कोऱ्या चहाच्या रंगाची. संत्र्याचं साल गेलं. मध आणि ओला पुठ्ठा. ही त्या बुडबुड्यांच्या माळेची किंमत. ड्राय हॉपिंग केलेल्या बिअरला प्राणवायू लागला की हॉप्सचा वास आधी जातो, मग रंग. अजून २८ बाटल्या आहेत. मित्र "चांगली आहे की" म्हणत पितात, पण दुसरी मागत नाहीत.

एक जुनं केग (बिअरचं धातूचं पिंप) आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर विकत घेतला. खर्चाचा आकडा वहीत लिहीत नाही, ही वही बायकोही वाचते.

१२ मार्च, मंगळवार

१.०१३. ड्राय हॉपिंग, तेच १०० ग्रॅम.

१७ मार्च, रविवार

नमुना काढला आणि पोटात गोळा आला. लोणकढ्या तुपाचा वास! वरणभातावर ज्याच्यासाठी जीव टाकतो तोच वास बिअरमध्ये दोष असतो, डायअसेटिल. ग्रॅव्हिटी पाहिली तर १.०११. म्हणजे हॉप्समधल्या एन्झाइम्सनी उरलेली साखर तोडली आणि यीस्ट पुन्हा कामाला लागलं. याच धावपळीत डायअसेटिल तयार होतं, आणि वेळ दिला तर यीस्टच ते परत खातं. तेव्हा काही करायचं नाही. तळघरातून वर आणलं, २१ अंश. वाट.

२० मार्च, बुधवार

थोडा नमुना झाकून गरम पाण्यात ठेवला, मग हुंगला. तूप गेलं. ग्रॅव्हिटी तीच, १.०११. अल्कोहोल साधारण ७ टक्के.

२३ मार्च, शनिवार

केग जंतुनाशकाने काठोकाठ भरलं, ते सगळं कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने बाहेर ढकललं, म्हणजे आत हवा उरलीच नाही. मग बंद नळीतून बिअर आत. एकही बुडबुडा नाही. हातात टॉर्च घेऊन नळीकडे बघत बसलो होतो. ४ अंश, दाब १२ पीएसआय.

६ एप्रिल, शनिवार. कॅलमझू

दोन तास गाडी चालवून उगमावर आलो. बेल्सचं एक्सेंट्रिक कॅफे. बायको आणि आई सोबत. आईने लिंबूपाणी घेतलं.

नळावरची टू हार्टेड समोर आली. पहिला घोट घेतला आणि वाटलं, यांनी चुकून दुसरीच दिली. वास कितीतरी धारदार, संत्र्यापेक्षा फूल जास्त, आणि ज्या पावाच्या गोडीमागे मी दोन महिने लागलो होतो ती इथे निम्मीच. पुन्हा घोट घेतला. तीच आहे. फक्त ताजी आहे.

म्हणजे दुकानातल्या बाटलीत मला आवडलेली ती गोडी काही अंशी तिचं वय होतं. हॉप्स मागे सरकले की माल्ट पुढे आलेला दिसतो. नक्कल मी बिअरची करतोय की अडीच महिन्यांच्या शेल्फची?

मिनिटभर बायको माझं तोंड बघत होती. मग म्हणाली, "अरे, मग आता काय, जुनी करून घालणार?"

मागच्याच आठवड्यात भरलेल्या बाटल्या घेऊन परतलो.

१३ एप्रिल, शनिवार

पाडवा मंगळवारी होता, पण इथला पाडवा शनिवारी. घरी नऊ पिणारे जमले. गुढी सकाळीच उतरवली, श्रीखंड-पुरी नंतर, आधी चाचणी.

पद्धत: प्रत्येकापुढे तीन पेले, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा. रंग दिसू नये म्हणून घरातले स्टीलचे पेले; सत्तावीस पुरेनात, शेजारच्या वहिनींकडून दहा आणले. प्रत्येकी ५०-६० मिली, कारण लोकांना गाडी चालवत घरी जायचंय. कुठल्या पेल्यात काय हे फक्त आईला माहीत होतं. ओतलं तिनेच, नाकाला पदर लावून.

नुसत्या नशिबाने नवांपैकी तिघे बरोबर येतात. फरक खरा म्हणायला निदान सहा हवेत.

पहिली फेरी, माझी विरुद्ध कॅलमझूहून आणलेली ताजी: पाच जणांनी बरोबर ओळखलं. ना इकडचं ना तिकडचं. ओळखलेल्यांपैकी तिघे म्हणाले की एक जरा जास्त "कोरडी" आहे, आणि ती माझी होती. जिप्सम जास्त झालं असावं.

दुसरी फेरी मी मनाशी ठरवली होती, कुणाला सांगितली नव्हती. कॅलमझूची ताजी विरुद्ध ऑक्टोबरच्या तारखेची दुकानातली. दोन्ही बेल्सच्याच. सात जणांनी ओळखलं.

एक मित्र पेला खाली ठेवत म्हणाला, "ही जुनी तुझी ना? बरी जमली आहे." मी बाटली दाखवली तेव्हा जो हशा झाला तो आवरायला पाच मिनिटं लागली. अर्थात ऑक्टोबरची बाटली आता सहा महिन्यांची, आणि दुसऱ्या फेरीपर्यंत दोघांनी स्वयंपाकघरात जाऊन श्रीखंड चाखून घेतलं होतं. शास्त्र म्हणून याला फार मान देत नाही. पण आकडे वहीत हवेत: मूळ आणि नक्कल ५, मूळ आणि मूळ ७.

१४ एप्रिल, रविवार

केग हलकं झालंय, चारेक लिटर असेल. पुढच्या वेळी जिप्सम ८ ऐवजी ५ ग्रॅम, बाकी काहीही बदलायचं नाही. शपथ.

यीस्टचा गाळ धुऊन तीन लहान बरण्यांत भरला. आई पुढच्या महिन्यात सांगलीला परत जाते, त्याआधी तिसरा घाणा बसवायचा, भाजणीला चोथा लागेल. ताकाशेजारी जागा नव्हती म्हणून बरण्या लोणच्याच्या खणात ठेवल्या. बायकोने तिन्हींवर नव्या पट्ट्या लावल्या आहेत: "हे लोणचं पण नाही".